सेरेसोचा शेवटचा सामना

“आज तो विषय काढू नकोस हं,” स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून प्रबोध म्हणाला. “क्लायंट घरी जेवायला आला की त्याच्यापाशी नोकरी मागायची नसते. बरं दिसत नाही.”

उल्का कोथिंबीर वड्या तळत होती. तिने वळून पाहिलं नाही.

“मग कुठे मागायची असते?”

“मी बोलतो ना. योग्य वेळ आली की शब्द टाकतो.”

“दीड वर्ष येतेय ती योग्य वेळ. पायी निघालीय का?”

प्रबोध हसला. त्याला हे असं हसून सोडून देणं छान जमायचं. एक गरम वडी उचलून, बोटं फुंकत तो बाहेर गेला. आणि उल्काने मनाशी पक्कं केलं, की आज विचारायचंच. मध्यंतरात, सगळ्यांच्या हातात चहा असताना, सरळ विचारायचं.

ओसाकात तीन वर्षं ती पाण्याच्या प्रयोगशाळेत होती. वैश्लेषिक रसायनशास्त्र हा तिचा विषय. पाण्यातली अगदी सूक्ष्म अशुद्धी मोजायची, आणि मोजलेलं बरोबर आहे की नाही हे पुन्हा तपासायचं. जपानी ती तिथेच शिकली, आधी कामापुरती आणि मग भांडण्यापुरती. २००३ मध्ये प्रबोधच्या बँकेने त्याला सिंगापूरला पाठवलं. बुकित पंजांगला फ्लॅट मिळाला, जाईला शाळा मिळाली, उल्काला नोकरदाराच्या बायकोला मिळतो तो डिपेंडंट पास मिळाला. काम काही मिळालं नाही. अर्ज जात होते आणि आभाराची पत्रं येत होती.

ओसाकातलं एकच तिच्याबरोबर आलं होतं, सेरेसो. ओसाकाचे फुटबॉलच्या पहिल्या विभागात खेळणारे दोन संघ. निळा-काळा गाम्बा लोकांना आवडायचा. उल्काच्या प्रयोगशाळेतली सगळी मंडळी मात्र गुलाबी सेरेसोची. ती तिथे असतानाच तो संघ खालच्या विभागात घसरला होता आणि वर्षभराने धडपडत परतही आला होता. असा संघ एकदा जिवाला लागला की सुटत नाही.

मोरिता-सान भेटले ते बँकेच्या एका जेवणात. पाणी गाळण्याचे पडदे बनवणाऱ्या एका जपानी कंपनीचे ते इथले प्रमुख. कारखाना तुआसला, तिथेच प्रयोगशाळा. प्रबोधच्या दृष्टीने मोठा क्लायंट. उल्काला ओसाकाच्या बोलीत सेरेसोच्या बचावफळीला नावं ठेवताना ऐकून मोरिता-सान जेवण विसरले, आणि प्रबोधला बायकोचा उपयोग कळला. तेव्हापासून दर रविवारी नाश्त्याला तिने त्याला सामना समजावून सांगायचा आणि सोमवारी त्याने तो मोरितांना फोनवर ऐकवायचा, अशी पद्धतच पडली. कोण कुठे चुकला, मधली फळी का फाटली, पुढच्या शनिवारी काय होईल. आयत्या पिठावर रेघोट्या ओढण्यात प्रबोधचा हात कोणी धरला नसता. उल्कालाही त्याचं काही वाटत नव्हतं. कोणाला तरी सांगायला मिळतंय एवढंच तिला पुरत होतं.

आणि हंगामही असा, की सांगावं तेवढं थोडं. वर्षाचे दोन तुकडे करून मग अंतिम सामना खेळवण्याची जुनी रीत त्या वर्षी, २००५ मध्ये, बंद झाली होती. अठरा संघ, एकच सलग शर्यत. सेरेसो सुरुवातीला आपटले, उन्हाळ्यानंतर मात्र हरेचनात. आज डिसेंबरचा पहिला शनिवार. शेवटची फेरी, आणि अजून पाच संघांना विजेतेपदाची आशा. सेरेसो सगळ्यांच्या पुढे, एका गुणाने. आज जिंकले तर बाकीच्यांनी काहीही करावं.

मोरिता-सान आले ते इस्त्रीच्या पँटवर गुलाबी जर्सी घालून. मागे त्यांच्या पत्नी किमिको-सान, हातात मोचीचा, म्हणजे तांदळाच्या जपानी मिठाईचा डबा. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे त्या दाराशीच उल्काचा हात धरून बोलत सुटल्या.

“प्रबोध-सान,” मोरिता इंग्रजीत म्हणाले, “तुम्ही सोमवारी म्हणालात तेच खरं. आपण पुढे असलो की घाबरून मागे सरकतो. तुमची नजर फार बारीक आहे.”

“नाही, नाही, असंच आपलं,” प्रबोध म्हणाला आणि त्याने उल्काकडे पाहिलं नाही.

मसालेभाताचं कौतुक झालं. सामना सुरू झाला. जपानी वाहिनीवर सेरेसोचं नागाई मैदान गुलाबी दिसत होतं, समोर टोकियोचा संघ होता. बाकीचे सामने कळावेत म्हणून उल्काने लॅपटॉप उघडून शेजारी ठेवला होता. सेरेसोने पहिल्या काही मिनिटांतच गोल केला तेव्हा मोरिता-सान उठून उभे राहिले. टोकियोने बरोबरी केली तेव्हा ते बसले. मग सेरेसोला पेनल्टी मिळाली आणि तीही हुकली. किमिको-साननी डोळे मिटून घेतले.

“आई, दे व्हेरी नर्व्हस, लाह,” आठ वर्षांची जाई तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

मध्यंतर झालं. उल्काने चहा दिला. प्रबोधने तिच्याकडे पाहून भुवई उडवली, म्हणजे आठवण आहे ना. ती मोरितांच्या समोरच्या खुर्चीवर बसली. पण ती तोंड उघडणार तेवढ्यात तेच जपानीत म्हणाले, “उल्का-सान, असा सामना तुमच्याबरोबर पाहतोय हे माझं भाग्य. जूनमध्ये तुम्ही नाही म्हणालात तेव्हा मी फार निराश झालो होतो.”

“मी कशाला नाही म्हणाले?”

“प्रयोगशाळेतल्या कामाला.”

नमुन्याला दोष देण्याआधी यंत्र तपासायचं, ही तिची जुनी सवय. आपण चुकीचं ऐकलं असेल. तिने पुन्हा, सावकाश विचारलं. कुठलं काम? कोणी विचारलं? कोणाला?

मोरितांनी कप खाली ठेवला. काहीतरी बिनसलंय हे त्यांना कळलं होतं, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर न देणारा तो माणूस नव्हता. त्यांनी सगळं सांगितलं.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. उल्काची मस्तकातून खाली उतरली. आधी कान तापले, मग घसा, मग हात. जूनमध्ये ती याच टेबलाशी बसून अर्ज लिहीत होती. प्रबोधने शेजारी बसून त्यातली इंग्रजीची चूक काढून दिली होती. नकार आला तेव्हा तिला बाहेर जेवायला नेलं होतं. “त्यांचं नशीब फुटकं,” असं म्हणाला होता.

“काय म्हणतायत?” प्रबोधने विचारलं. “पेनल्टीबद्दल का?”

“सांगते.” ती ताठ बसली. ओसाकात दोन प्रयोगशाळांच्या बैठकांत ती दुभाषाचं काम करायची. तिथला नियम एकच होता. समोरचा बोलेल ते सगळं सांगायचं, आपल्या पदरचं घालायचं नाही, गाळायचं तर मुळीच नाही. “मोरिता-सान म्हणतायत, ‘जूनमध्ये गोल्फ खेळून झाल्यावर मी प्रबोध-सानना विचारलं, की आमच्या प्रयोगशाळेला जपानी येणारी रसायनशास्त्रज्ञ हवी आहे, तुमच्या पत्नी येतील का? आधी नवऱ्याला विचारावं, हे मला सभ्यपणाचं वाटलं. ते म्हणाले, मुलगी लहान आहे, उल्काला घरीच राहायला आवडतं, तिला नोकरी नको आहे.’”

प्रबोधचा चेहरा उतरला. “उल्का, आत चल. आत बोलू.”

ती मोरितांकडे वळली आणि जपानीत म्हणाली, “माझे पती म्हणतात, आत चल, आत बोलू.”

“अगं, ते कशाला सांगतेस त्यांना!”

तिने तेही सांगितलं. किमिको-साननी तोंडावर हात ठेवला.

“काहीतरी सांग ना, गैरसमज झाला म्हणून,” प्रबोध दातांतून म्हणाला. चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचं हसू पुन्हा आलं होतं. “गोड शब्दांत. तुला जमतं ते.”

“ते म्हणतात, ‘काहीतरी सांग, गैरसमज झाला म्हणून. गोड शब्दांत. तुला जमतं ते.’”

“बाबा डाय ऑलरेडी, लाह,” जाई सोफ्यावरून पुटपुटली.

“जाई, खोलीत जा.”

“तिला बसू दे,” उल्का म्हणाली. “तिचंही नाव वापरलंयस तू.”

मग प्रबोधने हसू टाकलं आणि तो मराठीत भडाभडा बोलला. क्लायंटच्या कंपनीत बायको कामाला म्हणजे बँकेत शंभर प्रश्न उठले असते. त्याचं प्रमोशन त्याच महिन्यात होतं. तुआस म्हणजे बेटाचं टोक, जायला-यायला अर्धा दिवस. जाईकडे कोण बघणार? आणि तिला आधी सांगितलं असतं तर ती हट्टाला पेटली असती, मग नकार देणं अवघड झालं असतं. “तुला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नाही. मी काय तुझं वाईट चिंतलं?”

तिने वाक्य न वाक्य जपानीत नेलं. बँक, प्रमोशन, तुआस, जाई. ‘तुला वाईट वाटू नये म्हणून’ हेही नेलं, आणि तिथे आवाज हलणार असं वाटलं म्हणून क्षणभर थांबून, पुन्हा नीट म्हटलं.

टीव्हीवर साबणाची जाहिरात चालू होती.

“आता हे माझं,” ती मोरितांना म्हणाली. “भाषांतर नाही. वर्षभर आपण भेटलो की तुम्ही माझ्याशी तुमच्या भाषेत बोललात. बचावफळीबद्दल माझं मत विचारलंत. हुकलेल्या पेनल्टीबद्दल विचारलंत. काम माझं होतं, त्याबद्दल मात्र यांना विचारलंत. मी समोर होते, मोरिता-सान. फोन उचलला असतात तर मी अर्ध्या तासात हो म्हणाले असते.”

प्रबोधने विचारलं, “काय बोललीस?” तिने तेही मराठीत सांगितलं. शब्दाला शब्द.

मोरिता-सान खुर्चीतून उठले आणि कमरेत वाकले. वर यायला त्यांना वेळ लागला. “चूक माझी,” ते म्हणाले. “ती जागा जुलैमध्ये भरली.”

म्हणजे होती, आणि गेली. घास तिच्या ताटात वाढला होता आणि तिला ताट दिसण्याआधीच कोणीतरी तो उचलून दुसरीकडे ठेवला होता. वर तिच्याच पाठीवर हात फिरवून म्हटलं होतं, भूक लागली असेल ना तुला?

दुसरा भाग सुरू झाला. काही मिनिटांत सेरेसोने गोल केला, २-१. नागाईत माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती. बुकित पंजांगच्या त्या खोलीत फक्त जाईने टाळ्या वाजवल्या. उठून जावं असं सगळ्यांनाच वाटत असणार, पण वर्षभर पाहिलेला हंगाम असा अर्ध्यावर टाकून कोण जाणार? चौघं मोठी माणसं टीव्हीकडे तोंड करून बसून राहिली. गाम्बाचा गोल झाला की लॅपटॉपवरचा आकडा बदलायचा. उल्का तो मोठ्याने वाचायची, आधी जपानीत, मग मराठीत.

सेरेसो मागे सरकायला लागले. एकेक करून सगळे आपल्याच गोलासमोर जमा झाले आणि आलेला चेंडू नुसता दूर फेकू लागले. तिला ते बघवेना.

“पुढे या ना!” ती ओरडली, मराठीतच. “कशाला लपताय? वेळ आहे अजून! स्वतःचं असलेलं असं दुसऱ्याच्या पायाशी नेऊन ठेवतात का!”

जाई दचकून तिच्याकडे बघत राहिली. आईचा एवढा मोठा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. प्रबोधनेही नाही.

एकोणनव्वदाव्या मिनिटाला कॉर्नरचा चेंडू गर्दीत उडाला, खाली पडला, कोणाला नीट मारता आला नाही, आणि टोकियोच्या एकाने तो जाळ्यात ढकलला. २-२. तिकडे गाम्बा जिंकले, विजेते ठरले. बाकीचे तिघेही जिंकले. चार संघांचे गुण सारखे झाले आणि गोलांच्या फरकात सेरेसो सगळ्यांच्या खाली गेले. पहिल्यावरून पाचव्यावर. मैदानात गुलाबी जर्सीतली माणसं गवतावर आडवी पडली होती.

पाच वर्षांपूर्वीही नागाईतच, शेवटच्याच दिवशी असंच झालं होतं, एवढंच मोरिता-सान म्हणाले. किमिको-साननी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

निघताना दाराशी बूट घालून झाल्यावर ते वळले. या वेळी ते इंग्रजीत बोलले. प्रबोधला समजावं म्हणून, हे उघड होतं.

“उल्का-सान, आज माझ्याकडे जागा नाही. नवीन वर्षात एक तपासणीचं काम सुरू होतंय. सहा महिन्यांचं. मिळेलच असं वचन मी देऊ शकत नाही, प्रयोगशाळेच्या प्रमुखांना तुम्ही पटायला हव्यात. सोमवारी सकाळी याल का?” आणि त्यांनी मुद्दाम जोडलं, “मी तुम्हाला विचारतोय.”

“येईन.”

लिफ्टचं दार मिटलं. प्रबोधने घराचं दार लावलं, नीट, आवाज न करता.

“क्लायंटसमोर माझी लाज काढलीस,” तो म्हणाला. “भांडायचं होतं तर ते गेल्यावर भांडायचं.”

“मी कुठे भांडले? मी भाषांतर केलं. एक शब्द माझ्या पदरचा घातला असेल तर दाखव.”

“राग शांत होऊ दे तुझा. मग बोलू.”

“तो होणार नाहीये शांत. आज नाही, उद्याही नाही.” तिने चहाचे कप एकात एक घातले. “सोमवारी मी तुआसला चाललेय. जाईला सुट्टी आहे. तू रजा टाक.”

“सोमवारी? अगं, वर्षअखेर आहे, बँकेत माझी—”

“मग तुझ्या साहेबांना मी फोन करते. परस्परच सांगते, की प्रबोधला घरीच राहायला आवडतं.”

खिडकीबाहेरून एलआरटीची छोटी आगगाडी गेली. मग प्रबोधने खिशातून फोन काढला आणि साहेबांचा नंबर शोधायला लागला. उल्का समोर उभी होती, कप हातात घेऊन, त्याचं बोलणं सुरू होईपर्यंत.