सेनापतीचं ताट

पलूसच्या भूपालला दिग्दर्शक सौमित्रनं सेनापती केलं ते त्याच्या मिशा बघून. पुढं याच सेनापतीनं सौमित्रच्या नाकात दम आणला.

सिनेमा बाराव्या शतकातल्या लढाईचा. सेनापती जैन होता, असं इतिहासाच्या सल्लागार चारुशीलाबाईंनी शिलालेख वाचून सांगितलेलं. भूपालही जैन, द्राक्षबागायतदार आणि गावच्या नाटकातला हुकमी नट. आपल्यातला सेनापती पडद्यावर येणार, म्हणून त्याची आई आक्काताई भेटेल त्याला सांगत सुटली होती.

वाईजवळच्या माळावर शेवटचा प्रसंग आला. लढाई जिंकली, तिन्हीसांजेला मशाली पेटल्या आणि सेनापती तांबड्या रश्शातली तंगडी तोडतो. झालं, भूपाल अडून बसला.

"दिवस बुडाल्यावर आमी जेवत न्हाई. त्योबी जेवला नसंल. आन् मटण तर जलमात न्हाई!"

"अहो, अभिनय करायचाय. तंगडी सोयाची आहे," सौमित्र खेकसला.

"मला ठावं हाय. बघणाऱ्याला कुठं ठावं हाय?"

"बघणाऱ्याला योद्धा हवाय. काकडी खाणारा शेठजी नकोय."

भूपालच्या अंगाचा तिळपापड झाला. "शेठजी? कुळव धरून हाताला घट्टं पडल्यात माझ्या!"

चारुशीलाबाई मध्ये पडल्या. तेव्हा आपल्याकडे मिरचीसुद्धा आली नव्हती, म्हणाल्या. "मॅडम, लोक सिनेमाला येतात, परीक्षेला नाही," असं म्हणून सौमित्रनं त्यांचं तोंड बंद केलं. पुण्याहून आलेल्या माणसाला इतिहास कोण शिकवणार!

कॅमेरा सुरू झाला. ताट पुढं आलं. भूपालनं मावळतीकडं पाहिलं, लिहून दिलेलं वाक्य गिळलं आणि शांतपणे म्हणाला, "दिवस मावळला. ताट उचला."

आता दिग्दर्शक आपल्याला हाकलणार, असं भूपालला वाटलं. पण सौमित्र गोड हसला आणि 'ओके' म्हणाला. त्या हसण्याला भूपाल भुलला. आवाज भरायला बोलावणं आलं नाही, तेव्हाही त्याला शंका आली नाही.

सिनेमा सांगलीत लागला. आक्काताई इरकल नेसून, भावकीतल्या बायका गोळा करून आली. तो प्रसंग आला. पडद्यावर भूपालनं मावळतीकडं पाहिलं, ओठ हलले आणि कुणाचा तरी घोगरा आवाज गरजला, "रस्सा गारठला! ताट उचला!" लगेच दुसरं ताट आलं आणि एका केसाळ पंजानं वाफाळती तंगडी तोडली. थिएटरभर शिट्ट्या वाजल्या. भावकीतल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

भूपालला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आई, त्यो आवाज माझा न्हाई. हातबी माझा न्हाई. चारुशीलाबाईंना इचार पायजे तर!"

आक्काताईनं पडद्यावरची नजर काढली नाही.

"व्हय रं," ती म्हणाली. "पर तोंड तुझंच हाय की."