निवळीत फुंकलेलं दुखणं

गल्लीच्या टोकाला सकाळपासून पोटुशा बायांची रांग लागली होती, आणि मोफत दवाखान्याच्या दारात उभ्या असलेल्या नर्सबाई ती रांग बघून जळत होत्या. त्यांच्या बाकावर एकटं मांजर बसलं होतं, तेही त्यांच्याकडे पाठ करून.

"रक्तदाब बघायला या म्हटलं की यांची कामं खोळंबतात," त्या पुटपुटल्या. "उन्हात ताटकळायला बरी सवड मिळते!"

रांग माईंच्या दारात होती. माई दुखणं बाहेर काढत. काचेच्या पेल्यात नितळ पाणी, त्यात नळी. गरोदर बाईने नळीतून फुंकायचं. फुंकता फुंकता पाणी दुधासारखं पांढरंफटक व्हायचं आणि बाया तोंडावर हात ठेवायच्या.

"निघालं गं बाई, निघालं!" माई हेल काढायच्या. "सूज निघाली, भीती निघाली! आता दंडाला तो पट्टा बांधू देऊ नकोस हं. पट्टा आवळला की पोटातलं बाळ दचकतं!"

दंड कुठे, बाळ कुठे! पण विचारणार कोण?

सगळ्या गल्लीने माईंचे पाय धरले असते तरी नर्सबाईंनी सोसलं असतं. त्यांना डाचत होती ती धाकटी जाऊ. विटा वाहणारी पहिलटकरीण पोर, कालपरवापर्यंत 'ताई, ताई' करत मागे फिरणारी. आता हिच्या तोंडी उठताबसता माई. आणि पाय असे सुजलेले की चपलेत मावेनात. डोकंही ठणकत होतं.

"चल, पट्टा बांधून बघते."

"माईंनी काढलंय सगळं, ताई. त्या हात हातात घेऊन विचारतात, जेवलीस का म्हणून. तुमच्याकडे आलं की आधी ओरडा. उशीर का केला, कार्ड कुठंय."

वर्मी बसलं. खरं होतं म्हणून जास्तच बसलं. त्या दिवशी नर्सबाई दवाखाना मदतनीस बाईवर सोपवून तरातरा माईंच्या खोलीत शिरल्या.

जावेची पाळी आली होती. दीर शेजारी हात जोडून उभा. तो रंगारी, लोकांच्या भिंतींना चुना लावणारा. नर्सबाईंना माईंचं हसू दिसलं, जावेच्या पाठीवरचा माईंचा हात दिसला, आणि जळणारं माणूस बारीक बघतं म्हणून कोपऱ्यातली झाकलेली बादलीही दिसली. पेल्याबाहेर सांडलेला थेंब त्यांनी बोटाने जिभेला लावला. चरचरला.

"भावजी, ही बादली कुणाची?"

"माझीच की, वहिनी. खोली मीच रंगवली. उरलेला चुना राहू दे म्हणाल्या माई."

"रात्रभर ठेवला की वर काय येतं?"

"निवळी. पाण्यासारखी स्वच्छ."

"आणि उघडी राहिली तर?"

"हवेनं पांढरी साय धर..." दीर बोलता बोलता थांबला.

नर्सबाईंनी माईंनी भरून ठेवलेला दुसरा पेला त्याच्यापुढे धरला. "फुंका."

"मी? अहो, मी पुरुष माणूस!"

"फुंका म्हणते ना!"

त्याने फुंकलं. पाणी पांढरं झालं.

"दादा, कितवा महिना?" रांगेतून कुणीतरी विचारलं आणि खोली हशाने भरली.

माई कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. "बघा! नवऱ्याने बायकोचं दुखणं वाटून घेतलं!"

बाया पुन्हा हात जोडायला लागल्या. मग नर्सबाईंनी माठातल्या साध्या पाण्याचा पेला भरला आणि जावेला दिला. "दुखणं निघायचंच असेल तर यातूनही निघेल. फुंक."

ती फुंकत राहिली. बुडबुडे आले. पाणी होतं तसंच राहिलं.

"आपल्या सगळ्यांच्या श्वासात एक वायू असतो," नर्सबाई म्हणाल्या. "तो निवळीत मिसळला की चुना पांढरा होऊन दिसतो. फुंकणारी गरोदर आहे का म्हातारी, निवळीला काय पडलंय?"

माई काहीतरी बोलू लागल्या. पण जावेने पेला खाली ठेवला. "ताई, मला सगळं दोन-दोन दिसतंय."

'सांगत नव्हते मी?' हे वाक्य नर्सबाईंच्या ओठांपर्यंत आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि तिचा हात हातात घेतला.

दवाखान्यात पट्टा बांधला. रक्तदाब भलताच चढला होता. गाडी करून तिला मोठ्या इस्पितळात नेलं, तिथे औषधं लागू पडली, बाळ लवकर काढावं लागलं. मुलगी ओंजळीएवढी, पण आवाज गल्लीभर. आई-लेक दोघी वाचल्या. आणखी एक दिवस निवळीत फुंकण्यात गेला असता, तर दोघींपैकी कोण राहिलं असतं, सांगता येत नाही.

म्हणून बायांनो, पेला पांढरा झाला की टाळ्या हव्या तर वाजवा. खेळ छान आहे, घरी पोरांना दाखवा. पण पाय सुजले, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर फुंकत बसू नका. दंडाला पट्टा बांधून घ्या. बाळ दचकत नाही. आईच्या चढलेल्या रक्तदाबाने मात्र ते दगावू शकतं, आणि आईही.

नर्सबाईंच्या बाकावर आता मांजराला जागा उरत नाही. येणारीला त्या आधी बसवतात, मग विचारतात, "जेवलीस का?" कार्डाचं नंतर.

हे आपण माईंकडून उचललं, हे त्यांना ठाऊक आहे. ते आठवलं की अजून थोडं जळतं.