टेलरमास्तरांच्या गाईची घंटा

आमच्या सासूबाईंचे कान गेले, हे गावानं दोन वर्षांपूर्वी ठरवलं. डॉक्टरनं नव्हे, गावानं. आणि खरं सांगायचं तर त्या ठरावाला पहिली मान डोलावली ती मीच.

त्याचं झालं असं. आमचं शेत ओढ्याच्या अंगाला, आणि शेताला लागून टेलरमास्तरांचं घर. मास्तर गावाचे शिंपी. कुणाचं पोट कुठल्या वर्षी किती वाढलं हे त्यांना तोंडपाठ. हाताला सफाई, बोलण्यात साखर, आणि दारात एक तांबडी गाय. गाईवर त्यांचा भारी जीव. तिच्यासाठी त्यांनी बाजारातून पितळी घंटा आणली होती. ती इतकी खणखणीत की संध्याकाळी गाय घरी परतायला लागली की आम्ही घड्याळ न बघता चहाचं आधण ठेवायचो.

त्या वर्षी सासूबाईंनी पहिल्यांदाच वाटाणा लावला. स्वतः वाफे केले, वेलांना काटक्या रोवल्या, ओढ्यावरून घागरीनं पाणी घातलं. वेल फुलावर आले आणि एका पहाटे जाऊन बघतात तर दोन वाफे साफ. काटक्या तेवढ्या उभ्या होत्या. सासूबाई तशाच चिखलाच्या पायांनी मास्तरांच्या दारात गेल्या.

"मास्तर, तुझी गाय माझ्या वाटाण्यात होती."

मास्तरांनी शिलाईमशीनवरचा पायसुद्धा थांबवला नाही. "काकू, माझी गाय आली असती तर घंटा ऐकू आली नसती का? तुम्ही तर चार वाजल्यापासून जाग्या असता."

"असते."

"मग ऐकलीत?"

"नाही ऐकली."

"झालं तर मग. गावात मोकाट जनावरं काय कमी आहेत?"

कमी नव्हतीच. दूध आटलं की गाय सोडायची, बैल लंगडला की सोडायचा, ही आमच्या गावाची रीत. एक पांढरा बैल तर बसथांब्याच्या शेडमध्ये कायमचा राहायला होता. लोक त्याला सरकवून बाकावर बसत. कुणाच्याही पिकाचं काही झालं की बिल त्याच्या नावावर फाटायचं. त्याला जागचं उठताना मात्र फारसं कुणी पाहिलं नव्हतं.

वाफे जातच राहिले. सासूबाई जातच राहिल्या मास्तरांच्या दारात. एकदा तर म्हणाल्या, "मी तिची तांबडी पाठ बघितली, ओढ्याकडे पळताना." तेव्हा मास्तर उठून उभे राहिले, त्यांना बसायला स्टूल दिलं आणि अगदी मायेनं म्हणाले, "काकू, रागावू नका हं. पण वय झालं की कान जरा मंद होतात. माझ्या आईचंही असंच झालं होतं."

दुपारपर्यंत ही गोष्ट पिठाच्या गिरणीवर पोचली, आणि गिरणीवर पोचली म्हणजे गावात पोचली. संध्याकाळी गिरणीवाला सासूबाईंशी हातवारे करून बोलायला लागला. आमच्या ह्यांनी शहरातून कानाचं मशीन आणलं. सासूबाईंनी ते एक दिवस लावलं आणि काढून ठेवलं. म्हणाल्या, "कोंबडीनं पंख झटकले तरी घर पडल्यासारखं वाटतंय. घेऊन जा हे." हे मला म्हणाले, "सवय नाही ना, म्हणून." मीही "हो ना" म्हटलं. त्या दिवसापासून मी घरात ओरडून बोलायला लागले. जेवायला चला, औषध घ्या, पदर सावरा, सगळं वरच्या पट्टीत. सासूबाई एकदा दोनदा म्हणाल्या, "मला ऐकू येतं गं." बहिरी माणसं असंच म्हणतात, हे मला कुणीतरी सांगितलं होतं.

वाटाणा पहिल्या वर्षी गेला, दुसऱ्या वर्षीही निम्म्यावर गेला. यंदा सासूबाईंनी तिसऱ्यांदा लावला. मी म्हटलं कशाला, तर म्हणाल्या, "येऊ दे तिला."

यंदाच्या थंडीत एक दिवस असं धुकं पडलं की आमच्या अंगणातून आमचीच विहीर दिसेना. सासूबाई उजाडताच शेतावर गेल्या आणि थोड्याच वेळात परत येऊन मला मागच्या गोठ्यात घेऊन गेल्या. तिथं टेलरमास्तरांची तांबडी गाय उभी. पायाशी ओली, थरथरणारी कालवड. गाय तिला चाटत होती आणि चाटता चाटता मान हलवत होती. गळ्यात पितळी घंटा हलत होती, पण आवाज म्हणून येत नव्हता.

"चाऱ्याच्या गंजीमागे व्यायली होती, मी दोघींना आत आणलं," सासूबाई म्हणाल्या. "वार पडली, सगळं ठीक आहे. आता ही घंटा बघ."

मी वाकून घंटेच्या आत बघितलं. आत एक गादी होती. बोळा नव्हे, चिंधी नव्हे. अस्तराच्या कापडाची, मापात बसवलेली, आत कापूस भरलेली छोटी गोल गादी. मधे लोलकासाठी भोक, भोकाला काजं करतात तसा काठ, आणि चटकन ओढून काढता यावी म्हणून खाली एक नाडी. इतकं सुबक काम मास्तरांनी माझ्या एकाही ब्लाऊजवर केलं नव्हतं.

सगळा प्रकार माझ्या लक्षात आला. पहाटे गादी बसवून गाय सोडायची, तिनं मुकाट्यानं दुसऱ्याच्या शेतात पोट भरायचं, संध्याकाळी नाडी ओढून गादी काढायची आणि वाजत गाजत घरी आणायची. काल मास्तरांकडे शाळेच्या गणवेशांची घाई होती. गाय आणायला उशीर झाला, आणि दिवस भरलेली गाय आडोसा बघून बसली.

"मी बोलावते मास्तरांना," मी ओरडून म्हटलं.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "गाईला कोमट पाणी दे, पेंड दे, आणि तिचं तोंड सतत चालू राहील असं बघ. हंबरता कामा नये. आणि त्या घंटेला हात लावू नकोस."

तेवढ्यात मास्तर आलेच, पुढच्या दारी. रात्रभर वणवण केलेली दिसत होती. डोळे लाल, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. "काकू, गाय नाही आली घरी. गाभण आहे हो. आज उद्यात व्यायची होती. ओढ्यात पडली असेल, अडली असेल..." मला वाईट वाटलं. मी गोठ्याकडे बोट करणार, इतक्यात सासूबाईंनी माझं मनगट धरलं. त्यांची पकड अजून चांगली आहे.

"रडू नकोस मास्तर," त्या म्हणाल्या. "माणसं गोळा करू. सापडेल."

अर्ध्या तासात वीसेक माणसं आमच्या बांधावर आली. गिरणीवाला आला, पोस्टमन सायकल सोडून आला, आमचे हे आले. आपापल्या शेतात काहीबाही गमावलेली माणसं ही, पण गाभण गाय हरवली म्हटल्यावर कुणी घरी बसलं नाही. हे मला आवडलं. आमचे हे आईला म्हणाले, "आई, तू घरी बस. तुला काय ऐकू येणार?"

"मी नुसती उभी राहते," सासूबाई म्हणाल्या. मग सगळ्यांना म्हणाल्या, "धुक्यात धावून उपयोग नाही. एक तर गाय बिथरेल, नाहीतर तुमच्यातलाच एखादा ओढ्यात जाईल. बांधावर लांब लांब उभे राहा आणि गप्प ऐका. मास्तरच्या गाईची घंटा कशी आहे हे सगळ्यांना माहितीय. गाय अडलेली असली तरी मान हलवेलच. जरा जरी वाजली तरी कळेल."

सगळ्यांना पटलं. मास्तरांना तेवढं पटलेलं दिसेना.

माणसं पांगली, धुक्यात उभी राहिली आणि कान लावले. मी घर आणि बांध यांच्यामध्ये उभी होते. आमच्या कौलांवरून पडणारे थेंब मोजता येत होते. पाच मिनिटं गेली. मास्तर हळूच म्हणाले, "मी काय म्हणतो, ऐकण्यापेक्षा जरा झुडपांत शिरून बघितलं तर?"

"शू," पलीकडून गिरणीवाला म्हणाला.

अजून पाच मिनिटं गेली. "वाजलं," पोस्टमन म्हणाला. सगळे दचकले. ती त्याच्याच खिशातली किल्ल्यांची जुडी होती.

"मला तर काहीच येत नाही ऐकू," सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या. "पण माझं सोडा. कान गेलेत माझे. तुम्ही नीट ऐका."

गिरणीवाला म्हणाला, "काकू, आम्हालाही येत नाहीये. मास्तर, नक्की घातली होती ना घंटा?"

"घातली होती."

"मग लांब गेली असेल. चला, परत फिरू. धुकं विरल्यावर बघू."

"नका जाऊ," मास्तर म्हणाले. इतका वेळ ते कडेला उभे होते, आता मधे आले. त्या थंडीत त्यांच्या कपाळावर घाम होता. एकीकडे गाय आणि एकीकडे गावातली अब्रू, आणि दोन्ही एकदम हातात राहतील असं काही दिसत नव्हतं. मला वाटलं, हा माणूस अब्रू धरणार. मास्तर खाली बघत राहिले आणि म्हणाले, "ती जवळ असली तरी वाजणार नाही."

"का?"

"आत गादी आहे."

"कसली गादी?"

"छोटीशी. घंटेच्या आत. मीच शिवलीय."

मग गिरणीवाल्याला त्याचा मका आठवला असावा, कारण त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. पोस्टमनला त्याचा कोबी आठवला. सासूबाई मात्र काठी टेकत मास्तरांसमोर आल्या आणि त्यांनी कानाला हात लावला.

"काय म्हणालास? जरा मोठ्यानं बोल. मला ऐकू येत नाही."

"घंटेत गादी आहे, काकू."

"अजून जरा मोठ्यानं."

"घंटेत गादी आहे, काकू. दोन वर्षं झाली. तुमचा वाटाणा माझ्याच गाईनं खाल्ला." मास्तर एवढ्या मोठ्यानं ओरडले की ओढ्यापलीकडची कुत्री भुंकायला लागली. "तुमचे कान चांगले आहेत. मीच खोटं बोललो."

सासूबाईंनी मान हलवली. "चल," त्या म्हणाल्या. "कालवड झालीय. गाईवरच गेलीय रंगानं."

मास्तर गोठ्यात शिरले आणि गाईच्या गळ्यात पडून लहान मुलासारखे रडले. मग त्यांच्या ध्यानात आलं. "काकू, म्हणजे सकाळपासून तुम्ही..."

"सकाळपासून मी तुझी दोन्ही जनावरं सांभाळतेय," सासूबाई म्हणाल्या. "तू दोन वर्षांत माझं काय सांभाळलंस ते तू सांग."

मास्तरांनी सगळ्यांसमोर नाडी ओढून गादी काढली. गाईनं मान हलवली आणि घंटा खणकन वाजली. गिरणीवाल्यानं गादी हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि म्हणाला, "शिवलीय मात्र झकास." मग मात्र सगळे हसले, मास्तरसुद्धा, नाक पुसत. यंदाच्या वाटाण्याला चारी बाजूंनी कुंपण मास्तर स्वतः घालणार असं तिथंच ठरलं. टाके जवळ जवळ घालायचे, असं पोस्टमननं बजावलं.

दुपारी धुकं विरलं. जेवायला वाढून मी सवयीनं हाक मारली, "सासूबाई, जेवायला या," आणि माझाच आवाज माझ्या कानठळ्या बसवून गेला.

त्या पाटावर बसल्या. "हळू बोल आता," म्हणाल्या.

हे मान खाली घालून जेवत होते. "आई, तू आधीच ठामपणे सांगायचंस ना, की तुला ऐकू येतं म्हणून," ते म्हणाले.

"सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी. तुम्ही कुणी ऐकलं नाही."

मला फार लाज वाटली. मास्तर परका माणूस, त्याचं खोटं मी लगेच खरं मानलं, आणि जिच्या हाताखाली पंधरा वर्षं संसार केला तिचं खरं मला बहाणा वाटलं. वाढता वाढता माझ्या डोक्यात आणखी एक गोष्ट आली आणि हातातला चमचा तसाच राहिला. दोन वर्षं मी ह्या घरात फक्त ओरडलेच नव्हते. सासूबाईंना ऐकू येत नाही म्हणून, त्या शेजारी बसलेल्या असताना, मी स्वतःशी पुष्कळ काही पुटपुटले होते. त्यांच्या स्वभावाबद्दल, त्यांच्या माहेराबद्दल. एकदा तर त्यांच्या चालण्याची नक्कलही केली होती, आवाजासकट.

"सासूबाई," मी अगदी हळू विचारलं, "तुम्हाला सगळं ऐकू यायचं?"

"सगळं कुठलं," त्या घास घेत म्हणाल्या. "भांडी घासताना बोलतेस ते नाही कळायचं. नळ चालू असतो."