घातला

"‘सापडला’ नको," साहेब म्हणाले. "‘घातला’ करा."

बाईंनी मान वर केली नाही. "साहेब, प्रेस मशीनची संरक्षक जाळी महिनाभर तुटलेली होती. त्यानं सांगितलंही होतं."

"मी कुठे नाही म्हणतो? पण हात आत गेला ना? घातल्याशिवाय जातो का?"

कारखान्याची सगळी पत्रे बाई लिहीत. त्यांच्या भाषेत साखर होती. एकदा एक फिटर कामावरून काढल्याचे पत्र हातात घेऊन त्यांचे आभार मानायला आला होता. नोकरी गेली हे त्याला घरी बायकोने समजावून सांगितले. हा किस्सा कँटीनमध्ये अजून रंगवून सांगत, आणि खरे तर बाईंनाही तो आवडे.

प्रेसमध्ये उजव्या हाताची बोटे गेलेला माणूस बाईंच्या धाकट्या बहिणीचा नवरा होता. साहेबांना ते माहीत होते.

"म्हणून तर तुम्हाला सांगतोय. परक्यानं लिहिलं तर टोचेल. जमत नसेल तर मी लिहितो. आधी त्याचं पत्र, मग तुमचं. माझ्या हाताला तुमच्यासारखा गोडवा नाही, एवढंच."

घरात कमावत्या त्या एकट्याच होत्या. त्यांनी ‘घातला’ केले. मग राहवेना, म्हणून वाक्याच्या आधी ‘दुर्दैवाने’ जोडले.

साहेब वाचून खूश झाले. "वा. हे राहू द्या. दुर्दैवाची भरपाई कुणी मागत नाही."

पत्र पोचवायचे कामही बाईंच्याच गळ्यात पडले.

दवाखान्यात तो उशीला टेकून बसला होता. हाताच्या जागी पांढरे गाठोडे. बहिणीने पत्र उघडून मोठ्याने वाचले. "‘दुर्दैवाने त्यांनी आपला हात चालू यंत्रात घातला...’" ती थांबली. "ताई, हे तू लिहिलंस?"

"टाईप मी केलं."

बहिणीने पत्र खाटेवर टाकले. तो मात्र छताकडे पाहत होता.

"चांगलं लिहिलंय," तो हळू म्हणाला. "ऐकताना मलाही वाटलं, घातलाच असेल मी. तेव्हा कुठं लक्ष होतं माझं?"

"नव्हता घातलास तू," बाई म्हणाल्या. पण ते इतके हळू, की शेजारच्या खाटेवरच्या खोकल्यात विरून गेले.

"पोच द्यायची असेल ना?" त्याने विचारले. "दे इकडं."

बाईंनी दुसरी प्रत त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने डाव्या हातात पेन धरले, लहान मूल चमचा धरते तसे. पहिले अक्षर रेघ सोडून खाली घसरले. कागद सरकू लागला, तसा बाईंनी तो दोन्ही तळव्यांनी दाबून धरला.

"बरोबर येतंय का, ताई?"

"येतंय," त्या म्हणाल्या.

तो पुढच्या अक्षराला लागला.