भरलेला फळा आणि शिओरीचा हात

जपानातल्या आमच्या डोंगरातल्या शाळेत जाहीर पाठ असला की दारात बूट काढून आलेल्या पाहुण्यांना सपाता पुरत नसत. त्या साली माझा गणिताचा पाठ बघायला इतके शिक्षक लोटले, की मागचे पाच-सहा पालीसारखे भिंतीला चिकटून होते. खोटं वाटत असेल तर भिंत बघा, डाग अजून आहेत.

आमच्यात पाठ चालू असताना फळा पुसत नाहीत. पहिला शब्द डाव्या कोपऱ्यात, शेवटचा उजव्या, आणि तिथेच घंटा. मुलं कुठे चुकतील तेही मी पाठाच्या आराखड्यात आधीच लिहून ठेवलं होतं. प्रश्न सोपा: योकानच्या लांबट गोड वडीचा तिसरा हिस्सा मोठा, की चौथा?

"चौथा," तेत्सुरो आराखड्याबरहुकूम चुकला. "तीनपेक्षा चार मोठे."

मी सुखावलो. चित्रं काढली, तेत्सुरो सुधारला. उजवा कोपरा आला. घंटेला दोन मिनिटं.

तेवढ्यात मिठाईवाल्याच्या शिओरीने हात वर केला.

"गुरुजी, आमच्या दुकानात वड्या दोन मापांच्या असतात. मोठीचा चौथा नि लहानीचा तिसरा घेतला, तर?"

तीस वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहिली, तो हा. पण आराखड्यात तो नव्हता आणि फळ्यावर टीचभर जागा.

"ते पुढच्या वर्षी," म्हणालो आणि निष्कर्ष लिहिला. घंटा झाली. हात खाली गेला.

पाहुण्यांनी फळ्याचे इतके फोटो काढले की तो वीतभर फुगला. मुख्याध्यापिका नुकागाबाईंनी त्यावर 'पुसू नये' अशी चिठ्ठी डकवली. मग चहाबरोबर योकान आलं, शिओरीच्याच दुकानातलं.

"मिनेगिशी," बाई माझ्या कानाशी कुरकुरल्या, "मला तिसरा हिस्सा, पाहुण्यांना चौथा. तरी त्यांचा मोठा कसा?"

"त्यांची वडी मोठी होती, बाई."

"मग हे पाठात का नाही आलं?"

"आलं होतं. मी हाकललं."

त्या योकान चघळत राहिल्या. मी माझा तुकडा बशीत परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो. "शिओरी, कालचा प्रश्न परत विचार बघू."

"नको गुरुजी. फळ्यावर जागा नाहीये."

मी चिठ्ठी काढली, डस्टर उचललं आणि चिडून घासत सुटलो. कुणावर चिडलो होतो ते सांगायला नको. अर्धा फळा पुसून झाला, तेव्हा मागून ती म्हणाली, "गुरुजी, माझ्या प्रश्नाला कोपरा पुरला असता."