ओल्या पुठ्ठ्याची छटा

माणसाने आगीचा शोध लावला तो ओकच्या लाकडाची पिंपं आतून भाजता यावीत म्हणून. तिच्यावर स्वयंपाकही होतो, हे पुढे कोणाच्या तरी सहज लक्षात आलं. हॉटेलचा वाइनतज्ज्ञ हे वाक्य दर गुरुवारी पाहुण्यांना ऐकवायचा. या गुरुवारी सकाळी त्याने ते आरशासमोर म्हणून पाहिलं, तर त्यातला एकही ‘म’ किंवा ‘न’ जागेवर नव्हता. नाक गच्च बंद.

आणि नेमकी त्याच दिवशी त्याची सहा महिन्यांची उमेदवारी संपत होती. दुपारी आठ पाहुणे जेवायला येणार, तज्ज्ञाने त्यांना ओकच्या पिंपात मुरलेली शार्डोने ही पांढरी वाइन चाखवायची, तिच्या जोडीला काय खावं ते समजावायचं, आणि ते ऐकून मालकीणबाई ठरवणार: कायम, की नमस्कार.

हॉटेलचा आचारी त्याचा सख्खा मेव्हणा. ही नोकरी त्यानेच लावून दिलेली. तो याची आठवण आठवड्यातून फक्त दोनदा करून द्यायचा.

“काहीच वास येत नाही?” आचाऱ्याने विचारलं.

“तू आत्ता काय परततोयस तेही कळत नाही.”

“लसूण. दाजी, शेजारच्या इमारतीत कळतंय.”

“तुझ्या बहिणीला सांगू नकोस.”

“तिचाच फोन आला होता. म्हणाली, ह्यांना सांभाळून घे, घरी शिंकूनही रुबाब करतात.”

शेवटी ठरलं असं, की आचाऱ्याने प्रत्येक बाटलीचा वास स्वयंपाकघरातच घ्यायचा आणि साध्या शब्दांत सांगायचा. पुढचं वाङ्मय तज्ज्ञ बघून घेणार होता.

पहिली बाटली उघडली. आचाऱ्याने पेल्यात नाक घातलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“पुठ्ठा. ओला. गोदामात खोकी भिजतात ना, तसा.”

नाक शाबूत असतं तर तज्ज्ञाने ती बाटली तिथल्या तिथे मोरीत ओतली असती. बूच बिघडलं की वाइनला हाच वास लागतो, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. पण सकाळपासून त्याच्या डोक्यात फक्त ओक होता.

“पुठ्ठा कशाचा होतो? लाकडाचा,” तो म्हणाला. “ओक बोलतोय.”

“मला तर खोकं बोलतंय,” आचारी पुटपुटला. पण नात्याने लहान, म्हणून त्याने बाटली ट्रेमध्ये ठेवली.

“भिजलेल्या अरण्याची गंभीर छटा,” तज्ज्ञाने टेबलाशी उभं राहून सांगितलं. “सोबत लोण्यातली कोंबडी आणि मशरूम. आंबट-तिखट काही जवळ येऊ देऊ नका, बिचारी बुजते.”

पाहुण्यांनी पेले फिरवले. निवृत्त न्यायाधीशांना जुन्या खटल्यांची दफ्तरं आठवली. दातांच्या डॉक्टरीणबाईंना पावसात भिजलेलं ग्रंथालय सापडलं. बिल्डर म्हणाला, हा वास आपल्या लहानपणापासूनच्या ओळखीचा आहे. वडिलांचं रद्दीचं दुकान होतं, एवढं मात्र तो बोलला नाही. मालकीणबाईंनी दुसऱ्यांदा पेला पुढे केला.

दुसरी बाटली घेऊन आलेला आचारी तज्ज्ञाच्या कानाशी लागला. “दाजी, ह्यात लोणी आहे, व्हॅनिला आहे, भाजलेला पाव आहे. पुठ्ठा औषधालाही नाही.”

तज्ज्ञाने दोन्ही लेबलं ताडून पाहिली. बाटल्या एकाच पेटीतल्या होत्या. आता त्याला कळलं, पहिलीत कोण बोलत होतं ते. तरी त्याने लोणी, व्हॅनिला, पाव, सगळं इमानदारीत सांगितलं.

“उथळ वाटते,” न्यायाधीशांनी निकाल दिला.

“पहिलीची सर नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बिल्डरने हळूच विचारलं, ही स्वस्तातली आहे का.

पाहुणे गेल्यावर मालकीणबाईंनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

“तुम्ही कायम. आणि त्या पहिलीच्या वीस पेट्या मागवा. दुसरी मला पुन्हा टेबलावर दिसता कामा नये.”

बिघडलेली वाइन पेटीच्या हिशेबाने कोणी विकत नाही, आणि खोटं बोलण्यापुरताही श्वास नाकातून येत नव्हता. तज्ज्ञाने सांगून टाकलं.

“बाई, दोन्ही एकच. पहिलीचं बूच बिघडलेलं होतं. मला सर्दी आहे. वास मेव्हण्याने घेतला.”

मालकीणबाईंनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला.

“हे पाहुण्यांना सांगितलंत?”

“नाही.”

“आणि मेव्हणा?”

“तो घरचाच आहे.”

“मग तुम्ही कायमच राहा. इतकं माहीत असलेला माणूस मी बाहेर कसा सोडू?”

तो दारापर्यंत पोचला तेव्हा मागून हाक आली.

“आणि हे बघा, सर्दी उतरली की जरा घरी येऊन जा. आमच्या फ्रिजमधून चार दिवस कसला तरी वास येतोय. कुठल्या डब्यातून येतो, तेवढं सांगा.”