लिलावातली करवत

"नवी कशाला? ही आपल्या सगळ्यांना पुरून उरेल," म्हणत श्रीरंगनं मोटरची करवत टेबलावर अशी आपटली की कपांतला चहा बशीत आला.

ऑफिसच्या लिलावात घेतलेली ती करवत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये पलंगाखाली पडून होती. गुडगावात स्वतःचं घर झालं, तेव्हा तीही सोबत आली. घराशेजारचं सफेद्याचं, म्हणजे निलगिरीचं, झाड नेमकं लेकीच्या, शिवांगीच्या, खोलीकडे झुकलेलं. त्यात मे महिना, आंधीचे, धुळीच्या वादळांचे दिवस. बायकोला, नीलाला, त्या झाडापायी झोप लागेना. शेजारचा विश्वास परदेशी कंपनीत होता; त्याच्याकडे जुनं असं फक्त आडनाव. त्यानं बाल्कनीतून सुचवलं, यार, आता बाजारात सगळं मिळतं, नवी घेऊन टाका. तिथंच श्रीरंगला चेव चढला.

करोल बागेतून त्यानं जुनी साखळी आणली. प्लग स्वतःच्या स्कूटरचा काढून बसवला. रविवारी सकाळी दोरी ओढली, करवत ढिम्म. मग स्कूटर अडली की तो जे करायचा तेच त्यानं केलं: करवत तिरकी केली. पेट्रोल पायजम्यावर सांडलं.

"अहो, कुणी माणूस बोलवा ना," नीला म्हणाली.

"मग मी कोण आहे?"

पायजमा बदलून आल्यावर करवत सुरू झाली. बाल्कनीत विश्वास चहा घेऊन उभा होता. त्याला नीट दिसावं म्हणून श्रीरंगनं त्याच्या समोरच्या, म्हणजे झाड झुकलं होतं त्याच बाजूनं कापायला घेतलं. करवत निम्मी आत गेली आणि झाडानं बूड टेकून तिला गच्च आवळलं. ती निघेना. झाड मात्र आणखी झुकलं. विश्वासनं कप खाली ठेवला.

नीला शिवांगीच्या खोलीतली पुस्तकं उचलू लागली.

"बाबा, ते पडणार?" शिवांगीनं विचारलं.

"बिल्कुल नाही. करवतीनं धरलंय ना." कपडे वाळत घालायचा बांबू आणून त्यानं झाडाला टेकू दिला आणि स्वतःही खांदा लावून उभा राहिला.

दुपारी आभाळ पिवळं पडलं. नीला लेकीला घेऊन विश्वासकडे गेली आणि जाताना नवऱ्यालाही ओढत घेऊन गेली.

आंधी आली. बांबू मोडला. झाड छतासकट शिवांगीच्या पलंगावर पडलं. करवत आपोआप सुटली.